बोरसे नानांचं शून्य

बोरसे नानांना कुठलीही शाळा दाखवायला न्या, ते आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत जात नसत. चहाला नाही म्हणत नसत, नुसतं "नंतर" म्हणत. मग पश्चिमेकडचा शेवटचा वर्ग शोधायचा, मधल्या बाकावर बसायचं आणि कापडी पिशवीतून तीन तापमापकं काढायची. एक भिंतीला चिकटपट्टीने लावायचं, एक बाकावर ठेवायचं, एक बाहेर व्हरांड्याच्या सावलीत टांगायचं. त्यानंतर दुपारी एक ते चार जागचं हलायचं नाही. पंखा बंद. दर पंधरा मिनिटांनी वहीत नोंद. आणि हे सगळं एप्रिल-मेमध्ये, आमच्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात, जेव्हा कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखालून बाहेर यायला तयार नसतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, धुळ्यातल्या एका शाळेत. नोकरीचा माझा पहिला आठवडा. ललितभाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सांगितलं होतं की नाना मोजमापं घेतील, तू फक्त लिहून घे. मला वाटलं टेप धरायची असेल. मी व्हरांड्यात उभी राहून वाट बघत होते. आतून आवाज आला, "ताई, बाहेर उभं राहून काय समजणार? आठे बस." मी आत जाऊन बसले. वीस मिनिटांनी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तशी उठून नळाखाली डोकं धरलं. परत आले तर नाना तसेच बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, वहीत पुढची ओळ. चार वाजता त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "भिंत सांगस, आपन आयकानं."

त्या दिवशी मला हा माणूस थोडा सर्किट वाटला होता, हे कबूल करायला हरकत नाही. पुढची नऊ वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर काढली आणि मत फारसं बदललं नाही. फक्त असं सर्किट असणं किती थकवणारं असतं, ते कळत गेलं.

नाना मूळचे पारोळ्याकडचे. धुळ्याच्या एका सरकारी बांधकाम कचेरीत आरेखक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर जळगावला पिंप्राळ्यात, पिठाच्या गिरणीमागे, दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. ललितभाऊंचं ऑफिस जवळच. ललितभाऊंच्या आजोबांचं कापडाचं दुकान, ते राजस्थानातून इकडे आलेले. त्या घराण्यात शिकून इंजिनियर झालेले ललितभाऊ पहिलेच. शाळा, मंगल कार्यालयं, गोदामं यांचे नकाशे आणि अंदाजपत्रकं करणं हा आमचा धंदा. त्यात मधल्या काळात एक नवीन काम येऊ लागलं. शाळा बांधायच्या, पण नेहमीच्या विटांच्या नाहीत. मध्ये थर्माकोलचा जाड थर, त्याच्या दोन्ही अंगांना तारेची जाळी आणि जाळीवर फवारलेलं काँक्रीट. बाहेरचं ऊन थर्माकोलपाशी अडतं, आतली भिंत तापत नाही. अशी भिंत महाग पडते. म्हणून पैसे देणारा विचारतो की वीज किती वाचेल. ते सांगायचं काम नानांचं.

कागदावर ते सोपं आहे. भिंतीचं क्षेत्रफळ घ्या, खिडक्या वजा करा, साध्या भिंतीतून किती उष्णता आत येते आणि ह्या भिंतीतून किती ते मांडा, फरक काढा, तेवढी उष्णता बाहेर काढायला किती वीज लागली असती ते लिहा. ह्यासाठी तयार शीट मिळतं. चौकोनात आकडे टाकले की खालच्या हिरव्या चौकोनात उत्तर येतं. मला ते दहा मिनिटांत जमायचं. नानांना दहा दिवस लागायचे.

कारण शीटमध्ये लिहिलेलं असायचं : वापर सकाळी नऊ ते सहा, वर्षभर. नाना त्यावर लाल पेन चालवायचे. रविवार काढा. दिवाळीची सुटी काढा. मे काढा. मार्चपासून आपल्याकडे शाळा सकाळची होते, दुपार काढा. गावाचा बाजार कधी असतो? मंगळवारी. मग मंगळवारी निम्मी पोरं नसतात, अर्धा दिवस काढा. सातपुड्याकडची शाळा असेल तर होळीआधी आदिवासींच्या भोंगऱ्याच्या बाजारांचे दिवस काढा, तेव्हा वर्गात मास्तर आणि फळा एवढेच उरतात. दिवाळीनंतर किती घरं ऊसतोडीला जातात? मुख्याध्यापक हजेरीवरचा आकडा सांगायचे. नाना शांतपणे म्हणायचे, "सर, हजेरीवरचा नको. बाकावरचा सांगा."

असं काढता काढता हिरव्या चौकोनातलं उत्तर वाळत जायचं. मी चिडायचे. शीट करायची मी, आणि प्रत्येक वेळी नव्याने करायची. "नाना, एवढं कोण बघतं हो?" असं मी किती वेळा म्हटलं असेल. त्यावर त्यांचं ठरलेलं, "कोणी बघत नाही म्हणूनच नीट करायचं असतं. बघणारा असता तर त्यानेच केलं असतं."

एकदा जळगावातल्या एका संस्थेचे चालक आले. त्यांच्या नव्या शाळेच्या दर्शनी बाजूला त्यांनी तीन मजले काचेचे लावले होते, पश्चिमेला तोंड करून, आणि आता दारावर वीजबचतीची पाटी लावायची होती. नानांनी काढलेला आकडा पाटीवर शोभेल असा नव्हता. चालक गोडीत म्हणाले, "नाना, थोडं कमी-जास्त करा ना." नाना डबा खात होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, रोजचाच. घास खाली ठेवून त्यांनी सांगितलं, "कमी-जास्त करायला ही भाजी नाही, साहेब." ते गिऱ्हाईक गेलं. ललितभाऊ दोन दिवस नानांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच नानांसाठी जिलेबी आणली. त्यांचीही कुचंबणाच होती. नानांवर त्यांचा जीव होता आणि धंदाही चालवायचा होता.

मग शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या शाळेचं काम आलं. गावाचं नाव लिहीत नाही. पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या, पावसाच्या भरवशावरची शेती आणि जंगलातला डिंक-मोह यांवर जगणारी वस्ती, आणि पावरा सर नावाचे मुख्याध्यापक. स्वतः त्याच भागातले, कामाने वाकलेले, बोलताना कायम दाराकडे बघणारे. बाहेरची एक कंपनी शाळा बांधून देणार होती. साधी बांधायची की थर्माकोलच्या भिंतीची, ते वीजबचतीच्या आकड्यावर ठरणार होतं. ठरावीक युनिटांच्या वर आकडा गेला तर चांगली भिंत, नाहीतर साधी. फॉर्मवर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

आम्ही मार्चअखेरीला गेलो. सर म्हणाले, "नाना, साडेअकराला सोडून देतो. त्यानंतर कोणी बसूच शकत नाही." नाना म्हणाले, तीन दिवस दुपारी दोनपर्यंत बसवा, मी पण बसतो. पहिल्या दिवशी त्यांनी तापमापकं लावली आणि बसले. थोड्या वेळाने बघते तर ते तापमापकाकडे बघतच नव्हते, पोरांकडे बघत होते. वहीत त्यांनी एक नवीन रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, "पहिलं डोकं बाकावर".

म्हणजे वर्गात पहिलं पोर बाकावर डोकं कधी टेकवतं त्याची वेळ, आणि त्या वेळी वर्गात किती तापमान आहे ते. पश्चिमेच्या खोलीत किती वाजता, उत्तरेच्या खोलीत किती वाजता. मग दुसरं डोकं, मग पाचवं. पहिल्याच बाकावर एक मुलगी होती, पाढे म्हणताना आवाज सगळ्यांच्या वर काढणारी. ती बाराच्या सुमाराला बसल्या बसल्या थांबली आणि आडवी झाली. सरांनी उठवायला हात पुढे केला तर नाना म्हणाले, "राहू द्या. तिने सांगितलं जे सांगायचं ते." तिसऱ्या दिवशी परतताना नाना गाडीत वहीच चाळत होते. पारोळ्याचा किल्ला मागे पडला तेव्हा म्हणाले, "ताई, ह्या शाळेत वाचवायला वीज कुठे आहे?"

तेच खरं होतं. चार खोल्यांत चार पंखे, त्यातले दोन चालू, आणि दुपारी वीज बहुतेक गेलेली. तिथे कधी एसी नव्हता आणि होणारही नव्हता. जी वीज कोणी वापरतच नाही ती वाचणार कशी? शीटचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता : इमारत वातानुकूलित आहे असं धरा. ते धरलं तर हिरव्या चौकोनात लठ्ठ आकडा यायचा. नाही धरलं तर काहीच नाही.

नानांनी अंदाज लिहिला. वार्षिक वीजबचत : शून्य युनिट. आणि त्याखाली, कोणी न मागितलेलं, दीड पान. आज ही शाळा मार्च-एप्रिलमध्ये साडेअकराला थांबते. अशा भिंती, पत्र्याऐवजी स्लॅब आणि स्लॅबवर चुन्याचे दोन हात एवढं केलं तर पहिलं डोकं बाकावर यायला दोन वाजून जातील. रोजचे एवढे तास, वर्षाचे एवढे, पोरांच्या बाकावरच्या संख्येने गुणून एवढे. शेवटची ओळ होती, "ही बचत विजेची नाही, शाळेची आहे." मी तो कागद टाइप केला. त्या दिवशी मी चिडले नव्हते, एवढं सांगते.

ललितभाऊंनी वाचला आणि कपाळावर हात मारला. "नाना, शून्य लिहून कोणी भिंत बांधून देतं का?"

"शून्य बी आकडाच शे, भाऊ," नाना म्हणाले.

कंपनीच्या साहेबांचं उत्तर चार दिवसांत आलं. पत्र मिळाले, भावना समजल्या, फॉर्ममध्ये तासांचा रकाना नाही, कृपया युनिटमध्ये आकडा भरून शुक्रवारपर्यंत पाठवावे, अन्यथा साध्या बांधकामाचा प्रस्ताव गृहीत धरण्यात येईल. नेमके त्याच आठवड्यात नाना सुटीवर होते. अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला होतं. मी फोन केला. म्हणाले, "तेच परत पाठव. शून्य. दुसरं काय पाठवणार?" मग मागून कोणी नर्स हाका मारत होती, ते गेले.

शुक्रवारी दुपारी मी शीट उघडलं. इमारत वातानुकूलित आहे का, ह्या प्रश्नापुढे "होय" निवडलं. वर्षभर, नऊ ते सहा. आकडा आला तो अटीच्या बराच वर होता. आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या सह्या स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवलेल्या असायच्या. घाईच्या वेळी चिकटवायला सोय. तशी नानांची सही मी पूर्वीही अनेकदा चिकटवली होती, पण त्यांना विचारून. त्या दिवशी न विचारता चिकटवली. अंदाज करणार : रघुनाथ बोरसे. पाठवलं आणि पाणी प्यायले. कोणासाठी केलं म्हणून विचाराल तर त्या आडव्या झालेल्या मुलीसाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण नानांच्या लाल पेनाचा मला कंटाळाही आला होता, सात वर्षांचा, आणि एकदा तरी काम दहा मिनिटांत व्हावं असं वाटलं होतं. तेही खोटं नव्हतं.

मंजुरी आली. पत्रात आकडा नव्हता. आणि इथे एक गोष्ट झाली जिचा विचार मी केलाच नव्हता. नानांना वाटलं, त्यांचं शून्य मंजूर झालं.

ते पत्र हातात घेऊन उभेच राहिले. मग मोठ्याने म्हणाले, "शून्य पास व्हयनं, ताई! शून्य पास व्हयनं!" ऑफिसात त्यांना मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. ललितभाऊ बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत गेले. नानांनी सगळ्यांना चहा सांगितला. पुढचे कितीतरी दिवस जो भेटेल त्याला ते सांगत होते की जगात अजून कागद वाचणारी माणसं आहेत, आपण उगाच नावं ठेवतो. गिरणीवाल्याला सांगितलं, जुन्या कचेरीतल्या दोस्तांना फोन करून सांगितलं. मी रोज ठरवत होते की आज बोलावं. रोज त्यांचा चेहरा बघून उद्यावर टाकत होते. असं टाकता टाकता पाया भरला, भिंती उभ्या राहिल्या.

त्या कामावर नाना जितके रमले तितके कुठेच रमलेले मी पाहिले नाहीत. थर्माकोलचे पांढरे पत्रे ट्रकमधून उतरले तेव्हा गावातले एक आबा काठी टेकत आले, बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "हाई भिंत? गणपतीनं मखर शे का?" सगळे हसले. नाना सगळ्यांत जास्त हसले. मग त्यांनी आबांना सावलीत बसवून, जाळी काय, काँक्रीट काय, सगळं अर्धा तास समजावलं. आबांना पटलं नाही. पण काँक्रीट फवारून भिंत पक्की झाल्यावर तेच आबा रोज दुपारी आत येऊन बसायला लागले, आणि त्यांना उठवून बाहेर काढताना गवंडी वैतागले.

पुढच्या मार्चमध्ये शाळा दुपारीही भरली. नाना वही घेऊन गेले होते. पावरा सरांनी मला नंतर सांगितलं की दोन वाजून गेले तरी ते वर्गात मागे बसून वाट बघत होते आणि सारखे घड्याळ बघत होते. शेवटी एका पोराने डोकं टेकवलं तेव्हा नानांनी वेळ लिहिली, आणि ते पोर सकाळपासून तापाने फणफणलेलं होतं असं कळल्यावर ती नोंद खोडली.

वर्ष झालं तसं कंपनीचं पत्र आलं. आपल्या अंदाजानुसार अमुक इतकी वीज वाचणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात शाळेचा वीजवापर पूर्वीपेक्षा वाढलेला दिसतो. खुलासा करावा. वाढणारच होता. पूर्वी साडेअकराला बंद होणारी शाळा आता दुपारभर चालू होती. पंखे चालू, दिवे चालू, संध्याकाळी बायकांच्या बचत गटाची बैठकसुद्धा तिथेच. ज्या इमारतीत कोणी बसूच शकत नव्हतं तिथे आता माणसं बसत होती, आणि माणसं बसली की पंखा लागतो. भिंतीने आपलं काम चोख केलं होतं. त्याचंच बिल आलं होतं.

पत्र नानांच्या नावाने होतं. सोबत मूळ फॉर्मची प्रत जोडलेली. मी समोरच बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, मग प्रत वाचली, चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. फॉर्म कोण भरतं हे त्यांना सांगायला नको होतं. पंख्याखाली कागद फडफडत होता, त्यावर त्यांनी डबा ठेवला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "ताई, मन्हं शून्य तुले कमी पडनं का?"

मला रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले, बाकावर आडव्या झालेल्या त्या मुलीचं सांगितलं, शुक्रवारचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मी म्हणाले, मी आजच्या आज कंपनीला लिहिते की सही मी लावली. तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला. "आणि मग? खोटी सही म्हटल्यावर ते केस करतील. तुझी नोकरी जाईल, ललितभाऊंचं नाव जाईल. तिथे अजून दोन खोल्या व्हायच्या आहेत, त्या राहतील. कोणाचं भलं होणार?" मी म्हणाले, "पण नाना, तुमचं..." त्यांनी पुढे बोलू दिलं नाही.

खुलासा त्यांनी स्वतः हाताने लिहिला. आयुष्यात इतका छोटा कागद त्यांनी कधी लिहिला नसेल. "सदर अंदाज माझा असून तो करताना माझी चूक झाली. वयामुळे लक्ष राहिले नाही. भिंतीत अथवा बांधकामात कोणताही दोष नाही. उर्वरित दोन खोल्याही याच पद्धतीने बांधाव्यात, ही विनंती." खाली सही. ती मात्र त्यांची स्वतःची, निळ्या पेनाची.

"वयामुळे" हे वाचून मी कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. "हे तरी नका लिहू," म्हटलं. ते थकल्या आवाजात म्हणाले, "त्यांना काहीतरी कारण लागेल ना. हे लवकर पटेल." आणि पटलं. दोन खोल्या मंजूर झाल्या. कंपनीने फक्त एवढं कळवलं की यापुढील अंदाज अन्य व्यक्तीकडून करून घ्यावेत.

त्या दिवाळीनंतर नाना ऑफिसला आले नाहीत. भांडण नाही, निरोपाचा कार्यक्रम नाही. पिंप्राळ्याचं घर सोडून ते आणि अक्का पारोळ्याला मुलीकडे राहायला गेले. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी शाळेचं विचारलं, पावरा सरांचं विचारलं, माझ्या मुलाच्या दहावीचं विचारलं. त्या पत्राचा विषय नाही. मला तो काढायचा होता, आणि काढायचा नव्हता. बसस्टँडपर्यंत ते सोडायला आले. चालताना धाप लागत होती, तरी आले.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. आम्ही सगळे पारोळ्याला दारावर, म्हणजे दुखवट्याला, बसायला गेलो. जुन्या कचेरीतले लोक होते, पावरा सर होते, नात्यातली माणसं होती. एकेक जण आठवणी सांगत होता. ललितभाऊंनी जिलेबीची गोष्ट सांगितली आणि मग म्हणाले, "आकड्याला असा पक्का माणूस मी पाहिला नाही. शेवटी शेवटी वयामुळे एकदाच काय ते चुकले." ते वाईट बोलले नव्हते. त्या घरात त्यांना दुसरं काय बोलता आलं असतं? पण नानांची मुलगी सुनंदा दाराशी बसली होती, ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "ताई, तुम्ही समोर बसायच्या. खरंच नाना चुकले होते का? घरी कधी बोलले नाहीत. शेवटच्या वर्षात भाजीवाल्याचा हिशेबसुद्धा करायचे नाहीत. म्हणायचे, तूच कर, माझं लक्ष राहत नाही आता."

एवढं ऐकल्यावर माझ्याने राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलं. आकडा मी टाकला होता. सही मी चिकटवली होती. नानांनी शून्यच लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. पावरा सर दाराकडे बघत होते. आतून अक्का हुंदका दाबत होत्या तो ऐकू येत होता. सुनंदा रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "मग ते होते तेव्हा का नाही बोललात, ताई?"

नानांनी गप्प राहायला सांगितलं होतं, हे म्हणता आलं असतं. पण त्यांनी कंपनीला सांगू नको म्हटलं होतं. घरी सांगू नको असं कुठे म्हटलं होतं? मला ते सोयीचं होतं, इतकंच.

परत आल्यावर मी कंपनीला लिहिलं. दोन्ही खोल्या बांधून झाल्या होत्या, आता नुकसान झालंच तर माझं. ललितभाऊंनी पत्र वाचलं, "विचार कर" म्हणाले, पण अडवलं नाही. सगळं खरं लिहिलं आणि नावापुढे स्वतःची सही केली. केस होईल, नोकरी जाईल, कोणीतरी फोन करून ओरडेल, अशा तयारीत मी दीड महिना काढला. मग दोन ओळींचं उत्तर आलं. पत्र मिळाले. सदर प्रकल्पाची फाइल बंद झालेली असल्याने नोंदीत बदल करता येणार नाही.

म्हणजे त्या फाइलीत कायमचं असंच राहणार, की वयामुळे रघुनाथ बोरसे यांचा अंदाज चुकला. ती फाइल उघडणं माझ्या हातात नाही. म्हणून इथे लिहून ठेवते आहे, वाचणाऱ्यांपैकी कोणी नानांना पाहिलेलं नसलं तरी. त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता. त्या शाळेत वाचलेली वीज शून्य युनिट आहे, आणि आज मार्चमधल्या दुपारचे दोन वाजले आहेत, तिथे वर्ग चालू आहे.